गुणाजीची गारेगार फियाट

गुणाजी परब भर मे महिन्यात स्वेटर घालायचा. आणि कुठं, तर विक्रोळीत, पत्र्याच्या चाळीत, जिथं दुपारी पंखा लावलास तर पंखाच गरम वाफा सोडायचा. बाकीचे पुरुष बनियनसुद्धा काढून ओट्यावर बसलेले, आणि हा सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, मरून रंगाचा स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून निघालेला. कोणीतरी विचारायचंच, काय रे गुणाजी, ताप आलाय का? त्याला तेवढंच पाहिजे असायचं. तिथल्या तिथं थांबायचा आणि सांगायचा, ताप कसला, आमच्या गाडीत एसी आहे ना, दिवसभर थंडीत बसावं लागतं, छातीत सर्दी भरते.

म्हणजे लोक अंगठी दाखवतात तशी हा सर्दी दाखवायचा. खरी सर्दी त्याला कधी झाली नाही हो, पण उगाच नाक ओढायचा. चाळीत एसी पाहिला होता कोणी? फ्रीज अख्ख्या चाळीत एकाच घरी, आणि त्यात सगळ्यांच्या बाटल्या. तिथं गुणाजी म्हणजे साक्षात थंडीत नोकरी करणारा माणूस. नळावर बायका म्हणायच्या, प्रेमाचं नशीब बघा, नवरा संध्याकाळी कोरडा घरी येतो. प्रेमा त्याची बायको. स्वेटर तिनंच विणलेला. ती कौतुक ऐकून घ्यायची आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून हसायची, कारण तो स्वेटर धुवायची तीच.

तसा थंडीशी गुणाजीचा संबंध जुनाच. कणकवलीकडून मुंबईत आला तेव्हा बर्फाचा टेम्पो चालवायचा. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि माहुलच्या कोळीवाड्यात नेऊन टाकायच्या, मासळीला. लादीवर लाकडाचा भुसा घालायचा, वरून गोणपाट गच्च गुंडाळायचं, म्हणजे थंडी बाहेर जात नाही. ही विद्या तो तिथं शिकला. कपडे ओले, पायाला चिखल्या, अंगाला मासळीचा वास. टेम्पोतून उतरला की मांजरं मागं लागायची. प्रेमा त्याला दारातच बादलीभर पाणी द्यायची, तसाच आत घ्यायची नाही.

मग त्याला मुलुंडच्या सहदेवशेठची नोकरी लागली. सहदेवशेठ मुळात भातशेतीवाले. शेतावर बिल्डिंगी उठल्या आणि शेठच्या हातात पैसा आला. त्यांनी पहिली घेतली ती फियाट गाडी, आणि तिच्यात वेगळा एसी बसवून घेतलान, कारण बायको रत्नप्रभाबाई. बाई अंगानं भरलेल्या, मनानं लोण्यासारख्या, पण उकाडा म्हणून सोसायचा नाही. लग्नकार्याला निघायच्या तर अंगावर शालू, गळ्यात सोनं, तोंडाला पावडर, आणि भांडुप येईस्तोवर पावडरीचे ओघळ. एसी आला आणि बाई मंडपात उतरायच्या त्या घरातून निघाल्या तशाच. त्यामुळं गुणाजीवर त्यांचा भारी जीव. शेठना गाडी चालवता यायची नाही. गाडी म्हणजे गुणाजी आणि गुणाजी म्हणजे गाडी, असं चाललं होतं.

त्या साली दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा तर करायचीच. गुणाजीनं फियाट अशी धुतलीन की तिच्यात बघून दाढी करावी. हळदकुंकू लावलंन, नारळ फोडलान, चाकाखाली लिंबू ठेवलान, आणि पुढं जी चकचकीत जाळी असते ना गाडीची, दोन दिव्यांच्या मधली, तिच्यावर झेंडूचा हार बांधलान. लोक बांधतात तसा एक लोंबता हार नव्हे. हातभर जाड, मध्ये आंब्याचे टाळे, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च. जाळी दिसतच नव्हती. गाडी घेऊन तो मुद्दाम चाळीत आला, आईला दाखवायला.

आई म्हणजे सुंदराबाई. म्हातारीनं गाडीला हात जोडले आणि मुलाला ताकीद दिलीन, "दसऱ्याचो हार आसा तो. आपसूक गळान पडात तेव्हा पडात. तू हात लावूचो नाय, झिला." गुणाजीनं मान हलवलीन. आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता, आणि हार त्यालाही आवडला होता.

त्यानंतर लगेच एसीनं अंग चोरायला सुरुवात केली.

आता ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते मी तुला सांगायला नको. रत्नप्रभाबाई घाटकोपरला बहिणीकडे निघाल्या होत्या. गाडी पळत होती तोवर थोडं थोडं गार लागत होतं, आणि सिग्नलला उभी राहिली की आतून वारा यायचा तो वरवंट्याखालून आल्यासारखा, जड आणि कोमट. बाईंनी हळूच विचारलं, गुणाजी, आज कमी ठेवलंय का? गुणाजी म्हणाला, नाही बाई, बाहेरच जास्त आहे. बाईंनी ते मानलं. पण परत येताना त्यांच्या कानामागून पावडर निघाली आणि गुणाजीला आरशात ती दिसली. त्यानं आरसा हळूच दुसरीकडे वळवलान.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलंन. एसीतलं त्याला फारसं कळायचं नाही, पण नळ्या कुठून कुठं जातात हे त्याला हातानं माहीत होतं. एक नळी थंड लागते, तिला बाहेरून घाम येतो. तिला हात लावलान तर ती नुसती कोमट, घाम तिला नाही, ह्याला. पट्टा ओढून बघितलान, पट्टा घट्ट. पंखा फिरत होता. फ्यूज काढून, फुंकून परत लावलान. सगळं जागेवर. मग त्यानं डॅशबोर्डवर थोडं थापटलंन, जशी हट्टी म्हैस थापटतात तशी. काही नाही.

तरी स्वेटर चालूच हं. चाळीतून निघताना बटणं गळ्यापर्यंत. हमरस्त्यावर आला की काढायची सोय नाही, कारण चाळीतली माणसं सगळ्या रस्त्यांवर कामाला. एकदा त्यानं गाडीत काढला तर सिग्नलवर चाळीतलाच एक सायकलवर शेजारी उभा. गुणाजीनं तसाच उलटा घातलान, आतलं बाहेर, आणि त्याच्याकडे बघून नाक ओढलंन. पाठीवर घामोळी अशी उठली की प्रेमा रोज रात्री पावडर थापायची आणि म्हणायची, अहो, आता तरी सोडा तो सोंगाडेपणा. हा म्हणायचा, उद्या होईल दुरुस्त.

गाडी त्यानं घाटकोपरला धाकूकडे नेलीन. धाकू मेकॅनिक, गाड्यांच्या एसीचंच काम करायचा. पण माणूस भाविक. गाडी आली की आधी हार बघून पाया पडला. मग बॉनेट उघडलंन. साबणाचा फेस करून सगळ्या सांध्यांना लावलान, गॅस गळत असेल तर बुडबुडे येतात. एक बुडबुडा नाही. तरी म्हणाला, गॅस थोडा कमीच वाटतोय, टाकू या. टाकला. गार काही झालं नाही, उलट आतून आवाज येऊ लागला, म्हाताऱ्यानं खाकरावं तसा. मग धाकू वाकून पुढं आला. म्हणाला, गुणाजीभाऊ, पुढं जाळीमागं अजून एक जाळी असते, एसीची. तिला वारा लागला पाहिजे. ती साफ करून बघायला पाहिजे. आणि हात पुढं केलान तर तिथं हार. त्यानं हात मागं घेतलान. हार आहे देवाचा, म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

गुणाजीला पण ते पटलं. आता सांग, दोन शहाणीसुरती माणसं, दुखणं बरोबर हाताखाली आलेलं, आणि दोघांनी त्याला नमस्कार केला आणि बॉनेट लावलं. जाताना धाकूनं आपल्याकडून एक लिंबूमिरची त्या हाराच्या मधोमध अडकवलीन, गाडीला दृष्ट लागली असेल म्हणून.

दृष्टीचं ऐकून रत्नप्रभाबाईंच्याही मनानं घेतलं. कुंदाचा साखरपुडा ठरला होता ना. कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी. बाईंना वाटलं, घरात शुभकार्य आलंय, कोणीतरी जळतंय, ते गाडीवर निघालं. त्यांनी देवीला नवस बोलून घेतलान आणि शेठ बाहेर गेले असताना गुपचूप एक हार आणून गुणाजीकडे दिलान. हा तर पहिल्यापेक्षा जाड. शेवंतीचा, मध्ये मखमलीचे गोंडे, दोन्ही टोकांना जरीची रुंद फीत. म्हणाल्या, शेठना सांगू नको, ते माझ्या नवसांना हसतात, जुन्याच्या खाली बांध. गुणाजीनं बांधलान. होती नव्हती ती फट त्यानं भरली. आणि एसी तर आता असा झाला की लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

शेवटी शेठ एकदा स्वतः गाडीत बसले. मुलुंड ते ठाणे गेले नि आले. परत आल्यावर सदरा पिळावा असा भिजला होता. त्यांनी गुणाजीला अंगणात उभं केलंन. ओरडले नाहीत. शेठ ओरडायचे नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

"गुणाजी, ऐक. साखरपुड्याला मुलाची मावशी अंधेरीहून येणार. त्या घरात तिच्याच शब्दावर सगळं चालतं. ती गाडीतून उतरेल तेव्हा तिचा पदर कोरडा पाहिजे. नाही ना, तर मी ही गाडी काढतो आणि मारुती घेतो. ती माझा पुतण्या चालवील."

संपलं. नवी मारुती तेव्हा रस्त्यावर दिसायला लागली होती, लहान पोरं मागं धावायची. आणि पुतण्या तर रोज गॅरेजमध्ये येऊन फियाटच्या चाकाला उगाच लाथ मारून बघायचा. गुणाजीला त्या रात्री जेवण गेलं नाही. मारुती आली म्हणजे आपण परत बर्फाच्या टेम्पोवर. परत मासळीचा वास, परत मांजरं मागं. आणि चाळीत काय सांगायचं? एसीवाला गुणाजी परत ओल्या चड्डीत आला म्हणतील.

पण बर्फाची आठवण झाली आणि त्याच्या डोक्यात काही चमकलं. उठून बसला आणि प्रेमाला सांगायला लागला. थंडी तयार होते, त्यात शंका नाही, यंत्र सगळं धडधाकट आहे. मग ती जाते कुठं? पुढून. गाडी पुढं पळते, पुढं जाळी, जाळीला भोकं. भोकांतून थंडी बाहेर. आपण बर्फाला काय करत होतो? गोणपाट. प्रेमाला ते खरं वाटलं. तिला काय, आम्हा सगळ्यांना खरं वाटलं असतं. बर्फ गोणपाटात टिकतो हे पोरंसुद्धा सांगतील.

तिनं सुतळी आणि दाभण घेतलंन. दोघं सकाळी शेठच्या गॅरेजमध्ये जाऊन बसली. हारांच्या पाठीमागं गोणपाटाची दुहेरी घडी घालून तिनं ती हाराला अशी शिवलीन की पुढून बघणाऱ्याला नुसती फुलं दिसावी. गोणपाट पाण्यात भिजवून घेतलं होतं, आणखी गार राहावं म्हणून. काम झाल्यावर गुणाजीनं लांब उभं राहून बघितलंन. म्हणाला, आता एक कण थंडी बाहेर जाणार नाही. प्रेमा म्हणाली, मग आजपासून स्वेटरला खरं काम लागेल.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. गुणाजी स्वेटर घालून अंधेरीला गेला. मरोळच्या बाजूला मुलाचं घर. बाकीची मंडळी टॅक्सीनं पुढं निघाली आणि मालनमावशी शेठच्या गाडीत मागं एकट्या बसल्या, राणीसारख्या. बारीक अंगाच्या, करडं नऊवारी, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात पिशवी. बसतानाच म्हणाल्या, एसी एसी ऐकते, बघू तरी काय असतं.

गुणाजीनं काचा वर केल्या आणि एसी लावला. साकीनाका येईपर्यंत मावशींनी पिशवीतून रुमाल काढला. पुढं आल्यावर पिशवीच काढून वारा घ्यायला लागल्या. आतून येत होता तो वारा नव्हता, भट्टी होती. गुणाजीला कळेना. गोणपाट लावूनसुद्धा थंडी जाते कुठं? त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलंन. आणखी भट्टी. वर त्याच्या अंगात तो लोकरीचा स्वेटर, आणि घाम भुवयांवरून डोळ्यांत.

पवईचा चढ आला. गाडी चढायला लागली आणि काट्यानं वर उडी मारली, पाणी तापल्याचा काटा. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ, आणि आतून शिट्टी. बाजूला तलाव, म्हशी पाण्यातून निघून तबेल्याकडे चाललेल्या. गुणाजीनं गाडी झाडाखाली घेतलीन आणि इंजिन बंद केलंन. मागं बघायची त्याची हिंमत होईना. आता मारुती आलीच म्हणून समज.

मावशी दार उघडून खाली उतरल्या. पदर ओला, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलेलं. गाडीकडे बघितलंन, वाफेकडे बघितलंन, आणि मग गुणाजीकडे नीट बघितलंन.

"ड्रायव्हर, तू आजारी आहेस का?"

"नाही, मावशी."

"मग तो स्वेटर काढ आधी. तुला बघून मला जास्त उकडतंय."

गुणाजीनं काढला. खाली शर्ट अंगाला चिकटलेला, पाठीवर पावडरीचा लगदा. मावशींनी तो सगळा प्रकार पाहिला. दगडावर बसल्या, चष्मा पुसायला लागल्या. गुणाजी डबा घेऊन तबेल्याकडे पाणी आणायला पळाला.

पाणी घेऊन परत येतो तर काय. एक म्हैस गाडीच्या तोंडाशी उभी. दसऱ्याचा हार तिनं तोंडात धरलाय आणि मुंडी हलवून हलवून ओढतेय. झेंडू, शेवंती, आंब्याचे टाळे, सगळं सुकलेलं पण तिला गोड लागलेलं. प्रेमानं सगळं एकत्र शिवलेलं होतं ना, त्यामुळं एका ओढीला दोन्ही हार सुटले, आणि त्यांच्या मागं ते गोणपाट, लांबच लांब, जाळीतून चरचर करत बाहेर आलं. लिंबूमिरची पण गेली. जरीची फीत म्हशीच्या शिंगाला अडकली. आणि मावशी दगडावर बसून शांतपणे बघतायत.

गुणाजी डबा धरून तसाच उभा राहिला. त्याला पहिलं काय आठवलं, तर आई. आपसूक पडू दे म्हणाली होती, म्हशीचं काही बोलली नव्हती. दुसरं आठवलं की रेडा यमाचं वाहन, आणि म्हैस म्हणजे त्याच्याच घरातली. म्हणजे देव हार घेऊन गेला आणि नोकरीही घेऊन गेला. त्यानं मावशींना विचारलं, हाकललं का नाही? मावशी म्हणाल्या, मला वाटलं तुमच्याकडे हार असाच काढत असतील, गाडीला गोणपाट घालतात तिथं काहीही असेल.

इंजिन निवल्यावर त्यानं पाणी भरलंन. निघाले. काचा उघड्याच होत्या. एसी बंद करायचा त्याला भानच नव्हतं, तो चालूच राहिला होता. कांजूरच्या उताराला लागले आणि स्टिअरिंगवरच्या त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यानं हात काढून बघितलान, परत ठेवलान. थंड. मागून मावशींनी काच वर केलीन. मग दुसरी पण केलीन. मग पदर अंगाभोवती घेतलान. गुणाजी रडायच्या बेतात. सिग्नल आला, गाडी उभी राहिली, तरी थंड. फियाटनं इतकं गार कधी नव्हतं केलं, पहिल्या दिवशी पण नाही.

आणि तिथं त्या सिग्नलला त्याला धाकू आठवला, वाकून हात पुढं करून मागं घेणारा. जाळीला वारा लागला पाहिजे. थंडी पुढून बाहेर जात नव्हती. वारा पुढून आत यायला पाहिजे होता. आणि आपण काय केलं, तर हार, त्याच्याखाली हार, त्याच्यामागं ओलं गोणपाट. गाडीचं नाक दाबून धरलं आणि विचारत बसलो, बाई गं, तू श्वास का घेत नाहीस.

त्याला एवढं हसू आलं की आवरेना. मावशींनी विचारलं काय झालं, तर त्यानं सगळं सांगून टाकलंन. दसरा, धाकू, बर्फाचा टेम्पो, स्वेटर, मारुती, पुतण्या. हाराला हात लावायचा नाही म्हणून सगळे कसे पाया पडत गेले ते पण. दुसरा हार कोणाचा ते तेवढं गाळलंन. मावशी पहिल्यांदा नुसत्या हुं हुं करत होत्या. गोणपाटापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मुलुंड येईपर्यंत तो परत लावला नाही, डोळ्यांतून पाणीच थांबेना.

शेठच्या दारात मांडव, सगळी मंडळी उभी. रत्नप्रभाबाई औक्षणाचं ताट घेऊन पुढं. पुतण्या पण होता, हात खिशात घालून. शेठनी स्वतः गाडीचं दार उघडलंन. आधी मावशींना नमस्कार केलान की आधी आत हात घातलान ते सांगता येणार नाही, पण हात आत गेला आणि शेठचा चेहरा फुलला. मावशी उतरल्या. पदर वाळला होता, फक्त कुंकवाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

शेठना राहवेना. पाहुण्यांसमोरच गुणाजीला म्हणाले, एवढे दिवस आम्हाला भाजलंस, आज कसं झालं गार? काय बिघडलं होतं?

गुणाजीनं घसा साफ केलान. खोटं सांगता आलं असतं. गॅस म्हणाला असता तर शेठना काय कळणार होतं. पण मागं मावशी उभ्या, आणि त्यांना सगळं माहीत.

"शेठ, चूक माझी. दसऱ्याचा हार मी जाळीवर गच्च बांधला होता. गाडीला वाराच मिळत नव्हता. वर मी गोणपाट लावलं, बर्फाला लावतात तसं."

गोणपाट ऐकून मांडवात हशा झाला. पुतण्या तर वाकून हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, एका हारानं एवढं झालं? एकच होता ना हार?

रत्नप्रभाबाईंनी ताटातलं निरांजन उगाच सरकवलं. निरांजनाची ज्योत इकडची तिकडं झाली. मावशींनी तेवढ्यात बाईंच्या साडीच्या काठाकडे पाहिलं, आणि बहुतेक त्यांना म्हशीच्या शिंगावरची तशीच जरीची फीत आठवली असणार, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"एकच," गुणाजी म्हणाला. "माझाच."

शेठ म्हणाले, म्हणजे माझी एवढी गाडी तू एका हारानं बंद पाडलीस. ज्याला गाडीचं पुढचं मागचं कळत नाही तो ड्रायव्हर कशाला पाहिजे, मारुतीच घेतलेली बरी. पुतण्यानं खिशातून हात काढले.

"मारुती नको," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. एवढ्या लोकांत बाई नवऱ्याला असं कधी बोलल्या नव्हत्या. "ही गाडी राहणार आणि गुणाजी राहणार. ओवाळायला उशीर होतोय, व्हा बाजूला."

शेठनी बायकोकडे बघितलं, गुणाजीकडे बघितलं, काहीच उलगडा झाला नाही. पण पाहुण्यांसमोर नवराबायकोनं वाद घालायचा म्हणजे शोभा. ते बाजूला झाले. मावशींनी कुंदाच्या आईकडून ओवाळून घेतलं आणि आत जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की परत जाताना मला हाच ड्रायव्हर पाहिजे, असा करमणुकीचा प्रवास मी जन्मात केला नाही. त्यावर काही बोलायची सोयच उरली नाही. बाईंनी गुणाजीच्या ताटात स्वतःच्या हातानं जिलब्या वाढल्या, तो नको म्हणत असताना आणखी वाढल्या. त्यानं सगळ्या संपवल्या.

संध्याकाळी मावशींना पोचवायला शेठ स्वतः निघाले. व्याह्यांकडच्या माणसाचा मान राखायचा, आणि खरं म्हणजे गारव्यात बसायचं. गुणाजीशेजारी पुढं बसले. ऊन उतरलेलं, रस्ता मोकळा, आणि गाडी अशी गार की मागं मावशींनी पाय वर घेऊन मांडी घातली. भांडुपपर्यंत शेठ मजेत होते. पुढं त्यांनी हाताची घडी घातली. मग टोपी कानांवर ओढली. शेवटी म्हणाले, गुणाजी, जरा कमी कर की रे. गुणाजीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर ट्रक. तो म्हणाला, ते समोरचं बटण डावीकडे फिरवा शेठ, पण हळू.

शेठनी आपल्या शेतकरी हातानं फिरवलं. बटण कट्ट करून त्यांच्या मुठीत आलं. एसी तसाच जोरात.

शेठनी ते बटण बघितलं. मागं वळून बघितलं, मावशी डोळे मिटून बसलेल्या. मग त्यांनी ते हळूच सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि गुणाजीच्या कानाशी आले.

"घरी काही बोलू नको हं. उद्या धाकूकडे जाऊ, आपण दोघंच."

"बरं शेठ," गुणाजी म्हणाला आणि गाडी पवईच्या चढाला घातलीन.